चाकांच्या खुर्चीची वाट : दयेचा प्रश्न की हक्काचा?

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय काही सभासदांना पक्षाच्या नेहमीच्या विषयांपेक्षा लहान वाटण्याचा संभव आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कामगार कायद्यांवरील हल्ला हे प्रश्न समोर उभे असताना कचेरीच्या पायऱ्या, पदपथाची कड आणि वाहनतळातील एक राखीव जागा यांवर तासभर चर्चा कशासाठी, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आरंभीच दिले पाहिजे. ज्या स्त्रीला वा पुरुषाला चाकांच्या खुर्चीवाचून हिंडता येत नाही, त्यांच्या आयुष्यात वरील प्रत्येक प्रश्न पायरीपाशी येऊन अडतो. नोकरीची जाहिरात निघते, पण मुलाखतीची खोली दुसऱ्या मजल्यावर असते. शिधापत्रिकेवर धान्य मंजूर असते, पण दुकानाचा ओटा उंच असतो. निवृत्तिवेतन खात्यात जमा होते, पण बँकेचे दार चार पायऱ्यांवर असते. आणि या साऱ्याविरुद्ध आवाज उठवण्यासाठी बोलावलेली सभाही पुष्कळदा जिना चढून गेल्यावरच भरते.

म्हणून हा प्रश्न इतर प्रश्नांच्या शेजारी मांडलेला आणखी एक प्रश्न नाही. इतर हक्क प्रत्यक्षात वापरता येतील की नाही, हे त्याच्यावर अवलंबून आहे.

किती माणसांचा प्रश्न?

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के होते. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. २ कोटी ६८ लाखांतील १ कोटी ८६ लाख लोक, म्हणजे १०० पैकी ६९, खेड्यांत राहणारे होते. हा शहरी मध्यमवर्गाच्या सोयीचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा विशेष ध्यानात ठेवावा. जनगणनेची व्याख्या अरुंद होती आणि घरातील अपंग व्यक्तीची नोंद लपवण्याची प्रवृत्ती समाजात आहे, हेही विसरता येत नाही.

परंतु नोंदलेल्या संख्येवरही प्रश्नाची व्याप्ती संपत नाही. सत्तरी ओलांडलेली वृद्धा, गरोदर स्त्री, पाय मोडून सहा महिने कुबड्यांवर असलेला बांधकाम मजूर, हातगाडी ओढणारा हमाल, डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी भाजीवाली, या सर्वांना उंच कड आणि तुटका पदपथ अडवतो. आज धडधाकट असलेल्या माणसाच्या वाट्यालाही अपघाताने, आजाराने वा वयाने हीच अवस्था येऊ शकते.

अपंगत्वाचा आणि श्रमाचा संबंध तर भांडवलशाहीइतकाच जुना आहे. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीविषयीच्या ग्रंथात कापडगिरण्यांनी अपंग केलेल्या कामगारांची नोंद केली आहे. आज आपल्या देशात यंत्राच्या दाबाखाली हात गमावणारा, पहाडावरून पडून कण्याला इजा होणारा, खाणीत पाय गमावणारा हा प्रामुख्याने कंत्राटी आणि असंघटित कामगार आहे. उत्पादनव्यवस्था त्याला अपंग करते, आणि नंतर तीच व्यवस्था उभारलेल्या इमारतींच्या दारातून त्याला आत येऊ देत नाही.

अपंगत्व कोठे असते?

या विषयाचा विचार दोन रीतींनी होतो. पहिल्या रीतीनुसार अडचण माणसाच्या शरीरात असते. त्याचे पाय चालत नाहीत, म्हणून तो कचेरीत पोहोचत नाही. मग त्याला उचलून नेणारे चार हात शोधायचे, वर्षातून एकदा खुर्ची दान करायची, छायाचित्र काढायचे आणि कर्तव्य संपले असे समजायचे. दुसऱ्या रीतीनुसार अडचण इमारतीच्या रचनेत असते. त्या माणसाजवळ हिंडण्याचे साधन आहे. त्या साधनाचा विचार न करता बांधलेल्या पायऱ्या त्याला अडवतात.

हा दुसरा विचार १९७६ साली ब्रिटनमधील शारीरिक अपंगांच्या एका लढाऊ संघटनेने स्पष्ट सूत्रांत मांडला. त्या मांडणीत अग्रभागी असलेले व्हिक फिंकेलस्टीन हे स्वतः चाकांच्या खुर्चीवर होते. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. कातडीच्या रंगावरून माणसाला दारे बंद करणारी व्यवस्था ज्याने अनुभवली होती, त्याला पायऱ्यांनी बंद केलेली दारेही व्यवस्थेचाच भाग म्हणून दिसली, यात आश्चर्य नाही. पुढे डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या अपंग हक्क संहितेतही हाच विचार आला. भारताने ती संहिता १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केली.

शब्दांचा वादही येथेच सुटतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि पाहता पाहता सरकारी पाट्या बदलल्या. अपंगांच्या अनेक संघटनांनी या शब्दाला विरोध केला. ज्याला दैवी अवयव लाभले आहेत त्याला उताराची, रुंद दाराची वा वाहनतळाची काय गरज, असाच त्या शब्दाचा ध्वनी आहे. पाटी बदलायला रंगाचा एक डबा पुरतो, पण पायरी काढायला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात कायद्यांची उणीव नाही. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. परंतु सार्वजनिक इमारती व रस्ते सुगम करण्याचे कर्तव्य सांगताना त्यात आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून, अशी पळवाट ठेवण्यात आली. २० वर्षे सरकारे या पळवाटेतून ये-जा करीत राहिली.

अपंगांच्या देशव्यापी आंदोलनानंतर २०१६ चा अपंग हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगीही देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांवरील वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि तिकीट खिडक्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत व त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

मग अडले कोठे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सापडते. राजीव रतुरी या अंध व्यक्तीने २००५ साली केलेल्या याचिकेत न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तपशीलवार निर्देश व मुदती दिल्या होत्या. त्यांचे पालन झाले नाही. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अध्ययन केंद्राला पाहणी करण्यास सांगण्यात आले, आणि त्या अहवालानंतर न्यायालयाने केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि सरकारने मात्र त्याखाली केवळ मार्गदर्शक सूचना ठेवल्या, असा हा दोष होता. ३ महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. संसदेने दिलेला हक्क नोकरशाहीने एका नियमाच्या शब्दरचनेतून सल्ल्याच्या पातळीवर आणून ठेवला होता, हे ७ वर्षांनंतर अशा रीतीने उघड झाले.

तीन पायऱ्यांचा हिशोब

कायद्याची भाषा बाजूला ठेवून आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळले पाहिजे, कारण फसवणूक बहुतेक वेळा मोजमापातच होते.

चाकांच्या खुर्चीसाठीच्या उताराचे मान्य प्रमाण १ ला १२ असे आहे. म्हणजे १ सेंटिमीटर उंची चढण्यासाठी किमान १२ सेंटिमीटर लांबी हवी. सर्वसाधारण पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर होते आणि तिला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. प्रत्यक्षात अनेक कचेऱ्यांच्या व शाळांच्या दारात याच उंचीसाठी दीड-दोन मीटरचा सिमेंटचा घसरता ढिगारा आढळतो. त्यावर खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही आणि उतरताना ती उलटण्याचा धोका असतो. परंतु अहवालातील ‘उतार आहे काय?’ या रकान्यात ‘होय’ लिहिले जाते. उतार किती चढाचा आहे, त्याला कठडा आहे काय, आणि तो चढून गेल्यावर दाराचा उंबरठा आडवा येतो काय, हे कोणी विचारीत नाही.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे हवे, आणि त्याला कुलूप घालून आत झाडू-बादल्या ठेवलेल्या नसाव्यात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह वापरता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी, आणि शेवटी नोकरी सोडणारी स्त्री या तपशिलाचे मोल जाणते.

उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या माणसाची अवस्था काय होते, याचे उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत घडले. चाकांच्या खुर्चीवर असलेल्या एका वधूला विवाहनोंदणीसाठी उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. अधिकारी खाली उतरून आले नाहीत. ती गोष्ट वृत्तपत्रांत गाजली, म्हणून मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. न गाजलेल्या अशा घटना जिल्ह्याजिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत रोज घडतात. उचलून नेणारे हात आपुलकीचे असले तरी प्रौढ नागरिकाला ओझ्यासारखे उचलले जाणे अपमानास्पद आहे, आणि मणक्याची इजा असलेल्याला ते धोक्याचेही आहे.

पैशाचा प्रश्न हे नेहमीचे उत्तर असते. परंतु इमारत नव्याने बांधताना उतार, रुंद दार व योग्य स्वच्छतागृह यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. बांधून झाल्यावर फोडाफोड करण्याचा खर्च मात्र मोठा होतो, आणि तोच पुढे करून नकार दिला जातो. इच्छा असली की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. जानेवारी २००१ मध्ये जगद्विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा जावेद आबिदी यांच्यासारख्या अपंग हक्कांच्या कार्यकर्त्यांनी धरलेल्या आग्रहामुळे काही ऐतिहासिक वास्तूंना लाकडी उतार बसवण्यात आले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मतदान केंद्रांवर असेच उतार लावण्यात आले. पाहुणा थोर असला किंवा मताची गरज असली की पायऱ्या ओलांडता येतात. शाळकरी मुलीसाठी आणि शिधा घ्यायला आलेल्या मजुरासाठी मात्र फळीचा तुकडा सापडत नाही.

राखीव जागेवर कोणाचे वाहन?

इमारतीच्या दाराआधी वाहनतळ येतो. केंद्र सरकारच्या नमुना इमारत नियमांत अपंगांसाठी किमान दोन मोटारींएवढी जागा, इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३ मीटर ६० सेंटिमीटर रुंदीची असावी, असे सांगितले आहे. एवढी रुंदी कशाला, असा प्रश्न वाहनतळाचे ठेकेदार नेहमी विचारतात. कारण साधे आहे. मोटारीचे दार पूर्ण उघडून तिच्या शेजारी खुर्ची मांडावी लागते आणि शरीर एका आसनावरून दुसऱ्यावर सरकवावे लागते. शेजारच्या वाहनाने ती पट्टी व्यापली, तर आलेला माणूस मोटारीतच अडकतो. त्याहून वाईट म्हणजे, काम संपवून परतल्यावर त्याला स्वतःच्या मोटारीत शिरता येत नाही, आणि त्या वाहनाचा मालक येईपर्यंत उन्हात वाट पाहावी लागते.

प्रत्यक्षात या जागांवर खुर्चीचे चित्र रंगवलेले असते आणि त्या चित्रावर साहेबांची मोटार उभी असते. उताराच्या पायथ्याशी दुचाकींची रांग असते. पहारेकऱ्याला दोष देऊन येथे थांबणे योग्य नाही. तोही कंत्राटी कामगार आहे, आणि साहेबाची मोटार हटवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. जबाबदारी जागेच्या मालकावर, महापालिकेवर आणि वाहतूक पोलिसांवर आहे.

परंतु पक्षाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नियमांत मोजलेले वाहन मोटार आहे. श्रमिक अपंगाजवळ मोटार नसते. त्याच्याजवळ हाताने फिरवायची तीनचाकी सायकल असते, किंवा मागे दोन जादा चाके बसवलेली स्कूटर असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांसाठी बनवलेल्या वाहनाचा स्वतंत्र उल्लेख आहे, पण वाहनतळाच्या रंगवलेल्या पट्ट्यांत त्याला जागा नाही. दुचाकींच्या रांगेत ती स्कूटर मावत नाही आणि मोटारीच्या जागेत उभी केली की हुसकले जाते. तीनचाकी सायकल दारातून आत जात नाही, म्हणून ती रस्त्यावर सोडून अनेकांना हातांवर सरकत आत जावे लागते, आणि परत येईपर्यंत ती जागेवर असेल याची शाश्वती नसते. म्हणून राखीव जागेची मागणी करताना तीनचाकी सायकल व जादा चाकांची स्कूटर यांसाठी दाराजवळ, छपराखाली, विनाशुल्क जागा ही मागणी अग्रभागी असली पाहिजे. अन्यथा हक्काची ही लढाई मोटारवाल्या मूठभरांपुरती उरेल. त्या मूठभरांचाही हक्क खराच आहे, परंतु लढ्याचा पाया त्याहून रुंद आहे.

या संदर्भात करधोरणाचाही उल्लेख आवश्यक आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा चाकांच्या खुर्चीवर व इतर सहायक साधनांवर कर बसवण्यात आला. खुर्चीवरील दर ५ टक्के होता. चालण्यावर कर बसवल्यासारखेच हे आहे, असा निषेध अपंगांच्या संघटनांनी त्या वेळी केला, आणि तो यथार्थ होता.

पदपथ कोणाचा?

वाहनतळातून वा घरातून निघालेली खुर्ची पदपथावर येते. पदपथाची कड १५ सेंटिमीटरहून उंच नसावी, ओलांडणीच्या जागी ती उतरती असावी आणि चालण्याची वाट १ मीटर ८० सेंटिमीटर मोकळी असावी, असे दंडक आहेत. वास्तवात कड फूटभर उंच असते, मध्येच विजेची पेटी उभी असते, झाकणे उघडी असतात आणि प्रत्येक फाटकापाशी पदपथ तुटतो. म्हणून खुर्ची भर रस्त्यावरून, बस व मालमोटारींच्या मधून न्यावी लागते.

मुंबईत पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी खुंट रोवले गेले. काही ठिकाणी ते इतके जवळ रोवले की खुर्चीलाही आत जाता येईना. २०२३ मध्ये खुर्चीवर असलेल्या एका नागरिकाच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या गोष्टीची दखल घेतली. नियम मोडला दुचाकीस्वारांनी आणि शिक्षा झाली खुर्चीला, असा हा न्याय होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि पदपथ अपंगांना वापरता येतील असे असावेत, यावर भर दिला.

येथे एका धोक्याविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. अशा निकालांचा आधार घेऊन नगरपालिका पहिली धाड घालतात ती फेरीवाल्यांवर. पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमेत भाजीवालीची टोपली उचलली जाते, आणि चार पावलांवर पदपथावर चढवलेल्या मोटारीला कोणी हात लावीत नाही. वास्तविक २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार पदपथावर वाहन उभे करण्यास मनाई आहे. उलट २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. त्या कायद्यानुसार बनणाऱ्या नगर विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत आणि त्यांत अपंगांनाही प्रतिनिधित्व मिळावे, अशी तरतूद आहे. कारण अनेक अपंगांना नोकरी नाकारली गेल्यामुळे फेरीचा धंदा हाच त्यांचा आधार असतो.

फेरीवाला आणि चाकांची खुर्ची यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे आहे. दोघांचीही जागा मोटारींनी आणि नियोजनशून्यतेने बळकावली आहे. म्हणून फेरीवाल्यांच्या संघटनांनी स्वतः पुढाकार घेऊन मांडणी अशी आखावी की चालण्याची वाट खुली राहील, आणि अपंगांच्या संघटनांनी फेरीवाल्यांच्या हकालपट्टीला आपले नाव वापरू देऊ नये. ही एकजूट आपोआप होणार नाही. दोन्ही बाजूंत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ती घडवावी लागेल.

बस आणि रेल्वे

ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याचा खरा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीचा आहे. साध्या बसची जमीन रस्त्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असते, निमखालच्या बसची ६५ आणि खालच्या जमिनीच्या बसची ४० सेंटिमीटर. पहिल्या बसमध्ये खुर्ची चढवणे अशक्यप्राय आहे. तिसऱ्या बसमध्ये पदपथावरून एक आखूड फळी टाकली की खुर्ची आत जाते. म्हणजे परिवहन उपक्रमाने खरेदीची निविदा कोणत्या बससाठी काढली, त्या एका निर्णयाने हजारो माणसांचे घराबाहेर पडणे पुढील दहा-बारा वर्षांसाठी ठरून जाते. आणि योग्य बस घेतली तरी थांबा तुटका असेल, वा वेळेचा ताण असलेला चालक बस कडेला लावू शकत नसेल, तर फळी निरुपयोगी ठरते. म्हणून पुरेशी कामगारभरती आणि सुगम बस या दोन मागण्या परिवहन कामगार संघटनांनी एकत्र मांडणे योग्य ठरेल.

रेल्वेत अपंगांचा डबा पुष्कळदा गाडीच्या टोकाला असतो. देशात उंच, खालचे आणि रुळांच्या पातळीचे असे तीन प्रकारचे फलाट आहेत. उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटरचा असतो. लहान स्थानकांवर फलाट रुळांच्या पातळीचा असला की डब्याची जमीन मीटरभराहून अधिक वर राहते. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्यास पादचारी पूल हाच मार्ग असेल, तर हमालाला पैसे देऊन रूळ ओलांडण्याचा धोका पत्करावा लागतो.

दोन लढ्यांची शिकवण

ही स्थिती अपरिहार्य नाही, हे इतर देशांतील लढ्यांनी दाखवले आहे. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्यातील कलम ५०४ ने सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत अपंगांविरुद्ध भेदभावास मनाई केली, पण नियम काढण्याची टाळाटाळ सुरू राहिली. आपल्याकडील नियम १५ ची कहाणी येथे आठवावी. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत शंभरहून अधिक अपंग स्त्री-पुरुषांनी ठाण मांडले. ते तीन आठवड्यांहून अधिक काळ हटले नाहीत. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने त्यांना रोज जेवण पुरवले. त्यांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा यंत्रकामगारांच्या संघटनेने त्यांच्या प्रवासासाठी मालमोटार भाड्याने घेऊन दिली. २८ एप्रिल रोजी नियमांवर सही झाली. पुढच्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, डेन्व्हर शहरात १९ कार्यकर्त्यांनी खुर्च्यांसह बसपुढे ठाण मांडून, चढता येण्याजोग्या बसची मागणी केली.

भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही हा हक्क सत्ताधाऱ्यांच्या उदारपणातून मिळालेला नाही. तो संघटित कृतीतून आणि इतर पीडित समूहांच्या सक्रिय पाठिंब्यातून मिळाला. आपल्या देशातही १९९५ आणि २०१६ चे कायदे धरणी, मोर्चे व तुरुंगवास यांच्या रेट्यानेच झाले.

पक्षशाखांची कामे

कॉम्रेड्स, या विवेचनातून काही निश्चित कामे निघतात. ती पक्षकार्यकर्ता कोणत्याही राज्यात असला तरी करण्याजोगी आहेत.

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील पाच ठिकाणे निवडावीत : शाळा, दवाखाना, शिधावाटप दुकान, बँक वा टपाल कचेरी, आणि पंचायत वा प्रभाग कचेरी. खुर्चीवर असलेल्या स्थानिक व्यक्तींना सोबत घेऊन, किंबहुना त्यांच्याच नेतृत्वाखाली, मोजपट्टीने उंची, उताराची लांबी, दाराची रुंदी, स्वच्छतागृह आणि वाहन ठेवण्याची जागा मोजावी. शाळेच्या बाबतीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच अडथळारहित प्रवेशाची अट आहे, तिचा हवाला द्यावा.

दुसरे काम पाठपुराव्याचे. मोजमापांसह लेखी तक्रार संबंधित कचेरीस व राज्याच्या अपंग आयुक्तास द्यावी. नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देताना कलम ४४ पाळले गेले काय, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. पक्षाचे लोकप्रतिनिधी जेथे आहेत, तेथे त्यांनी बस, इमारत व रस्ते यांच्या निविदांतच ही मोजमापे घालण्याचा आग्रह धरावा.

तिसरे काम कामगार संघटनांचे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये वा त्याचा दर्जा घटवू नये, असे २०१६ च्या कायद्याचे कलम २० सांगते. हा हक्क खासगी व कंत्राटी क्षेत्रात मिळवण्याची मागणी प्रत्येक मागणीपत्रकात असावी. बांधकाम कामगारांच्या सभांतून १ ला १२ चे प्रमाण समजावून सांगावे. उतार शेवटी गवंड्याच्या हातून बनतो, आणि तो चुकीचा आखला आहे हे पहिल्यांदा त्यालाच कळू शकते.

चौथे काम पक्षाच्या स्वतःच्या घरातले आहे. पक्षाची व जनसंघटनांची अनेक कार्यालये जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. भाड्याची परवड पाहता याची कारणे समजण्याजोगी आहेत, परंतु परिणाम तोच होतो, की सभासद होऊ इच्छिणारा अपंग कामगार दारातच थांबतो. ते कार्यालय लगेच बदलता येणार नाही. सभा मात्र तळमजल्यावर, शाळेच्या पटांगणात वा मंडपात घेता येते. अधिवेशनाचे सभागृह ठरवताना भाडे व आसनसंख्या यांबरोबर दार, उतार व स्वच्छतागृह यांची चौकशी करता येते. व्यासपीठालाही उतार असावा, कारण अपंग कॉम्रेड केवळ ऐकायला येणार आहे असे गृहीत धरणे बरोबर नाही.

येत्या शाखासभेत पाच ठिकाणांची यादी करून, त्या सभेची जागा सर्वांना पोहोचता येईल अशी ठरवून, या कामाला आरंभ करावा.